कॅल्शियमच्या गोळीने ॲनेक्सिन वाढत नाही

सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. ॲनेक्सिन ही प्रथिने पेशीचे आवरण सांधतात, रक्ताच्या गुठळ्या रोखतात आणि कॅल्शियमवर चालतात. म्हणून रोज कॅल्शियमची गोळी व ‘ॲनेक्सिनयुक्त’ भुकटी घ्यावी, म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे बंद करता येतात, आणि डॉक्टर हे लपवतात, असे त्यात म्हटले आहे. यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे आणि त्याच्याच भरवशावर पुढचे सगळे पटवून दिले जाते.

आधी कॅल्शियमचे पाहू. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असते. आवरणाला चीर पडली की बाहेरचे कॅल्शियम तेथूनच आत शिरते आणि ॲनेक्सिन त्याच जागी आवरणातील ऋणभारित फॉस्फोलिपिडांना (आवरण ज्या मेदरेणूंचे बनते त्यांना) चिकटून चीर बुजवण्यास हातभार लावते. म्हणजे त्याला इशारा मिळतो तो जखमेतून, जेवणातून नव्हे. रक्तातले कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व ठरावीक मर्यादेत राखतात. ते त्या मर्यादेपलीकडे गेले, तर तो आजार समजला जातो. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात यंत्रमागावर घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगात पाणी आधीच कमी असते. त्याने गरज नसताना या गोळ्या घेणे म्हणजे मूतखड्याचा धोका वाढवणे होय.

भुकटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्रथिन पोटात गेले की पचते आणि त्याची अमिनो आम्ले होतात. इन्सुलिन टोचून घ्यावे लागते ते याचमुळे.

औषधे बंद करण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. ॲनेक्सिनांपैकी एक, ॲनेक्सिन ए५, मानवी वारेतून वेगळे केले गेले, ते रक्त गोठू न देणारे प्रथिन म्हणूनच. गोठण्याचे घटक ज्या फॉस्फॅटिडिलसेरीन या फॉस्फोलिपिडावर जमतात, त्यावर ते थर धरते. परंतु हा गुणधर्म परीक्षानळीत दिसला म्हणून स्टेंट बसवलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल किंवा कृत्रिम झडप असलेल्याने वॉरफरीन स्वतःहून थांबवले, तर स्टेंटमध्ये किंवा झडपेवर गुठळी होऊ शकते. असा संदेश घरात आला असेल, तर गोळी चुकवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

‘डॉक्टर हे लपवतात’ हा आरोपही टिकत नाही. मरू घातलेल्या पेशी ओळखण्यासाठी प्रयोगशाळा १९९० च्या दशकापासून ए५ वापरत आहेत. स्टिरॉइडांचा दाहशामक परिणाम काही अंशी ए१ मार्फत होतो, हे प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. स्नायुक्षयाच्या उंदरांना प्रयोगशाळेत तयार केलेले ए६ टोचल्यावर स्नायूंची इजा कमी झाली, आणि मला यातच खरी आशा वाटते. मात्र उंदरांपासून रुग्णापर्यंतची वाट मोठी आहे. शिवाय मानवातील १२ ॲनेक्सिने सारखी वागत नाहीत. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पेशींवर ए२ वाढते, गुठळ्या विरघळवणारे प्लास्मिन जास्त तयार होते आणि रुग्णाला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.