‘काकाजी, जमाना बदलला’ : गनशॉटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गनशॉट (स्प्रिंगच्या गनने कान टोचणं), लोहचुंबकाचे टॉप्स आणि दाबाची नथ (दोन्ही भोकाशिवाय बसणारे दागिने) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार गोष्टी म्हटल्या. गनचा टॉप पॅकबंद येतो, एका सेकंदात काम होतं, मग त्यात वाईट काय? सोनार तर एकच चिमटा साऱ्या गावाला लावतो. आज्यांनी वरच्या कानात बुगड्या घातल्या तेव्हा चाललं, मग आता पोट्ट्यांनी घातलं तर तुमच्या पोटात काहून दुखतं? आणि तुमच्या बहिणीने आठ दिवसांपूर्वी बाजाराच्या दिवशी कटलरीच्या दुकानात वरचा कान गनने टोचून घेतला, तिला काहीच झालं नाही. शेवटी लिहिलंत, ‘काकाजी, जमाना बदलला. जुनाट लोकांनी विज्ञान शिकवू नये.’

काकाजी म्हटल्याचा राग नाही, आपल्याकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. ‘जुनाट’ हा शब्द मात्र लागला. सत्तावीस वर्षं मी सोनारकाम करतो आणि कान टोचणं हा त्यातला रोजचा भाग आहे. पोरांनी कान टोचू नयेत असं एक वाक्य माझ्या लेखातून काढून दाखवा. भिकबाळी पुरुषाच्याच कानाची आहे आणि ती वरच्या बाजूलाच असते, हे मला माहीत नाही असं तुम्ही धरून चाललात. लेख अर्धा वाचून माणसाचं वय काढायचं, ही बोलायची रीत नाही.

एक चूक कबूल करतो. तारेचे गेज, म्हणजे जाडीचे आकडे, मी उलटे छापले. आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणजे 18 गेज जाड आणि 20 गेज बारीक. लेखात आज दुरुस्त करतो.

आता तुमचं ‘पॅकबंद’ घेऊ. पॅकबंद असतो तो टॉप. गन पॅकबंद नसते, ती दिवसभर तीच असते. टॉप पाळीतून आरपार जातो तेव्हा गनचं तोंड कानाला टेकलेलं असतं आणि रक्ताचा बारीक अंश त्याला लागतो, डोळ्यांना दिसो वा न दिसो. दुकानदार स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि पुढचं गिऱ्हाईक बसवतो. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, तो एका बोळ्याने जाईल याची खात्री देता येत नाही. अवजार खरंच निर्जंतुक करायचं तर 121 अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ पंधरा-वीस मिनिटं लागते, साधारण घरच्या कुकरच्या आत असते तेवढी. बाजारातली बहुतेक गन प्लास्टिकच्या अंगाची, ती त्या वाफेत वाकते, म्हणून कोणी तिला वाफेत घालतच नाही. कानाला लागणारा सगळा भाग एकदाच वापरून फेकायचा, अशा हाताने दाबायच्या कॅसेटही निघाल्या आहेत. त्यांनी हा धोका बराच कमी होतो, पण पुढचा राहतो.

पुढचा म्हणजे टोक. दवाखान्याची सुई पोकळ आणि तिरपी कापलेली असते, ती मांस कापत जाते. टॉपची दांडी भरीव असते. स्प्रिंगच्या जोरावर ती मांस रेटत, फाडत जाते. पाळीत नुसतं मांस आणि चरबी, रक्तपुरवठा भरपूर, म्हणून पाळी हे सहन करते आणि सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या कानात कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला चिकटलेल्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. धक्क्याने ते आवरण सुटलं किंवा त्याखाली पू साचला, की कूर्चा उपाशी मरते आणि कान आक्रसून कायमचा वेडावाकडा होतो. हा पू बहुतेक वेळा पाण्यात-ओलाव्यात वाढणाऱ्या स्युडोमोनास जंतूचा असतो आणि नेहमीच्या पुष्कळशा अँटिबायोटिक गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत.

तिसरी खोट मागच्या पकडीची. गन टॉपची पकड मागून घट्ट दाबून बसवते. दुसऱ्या दिवशी पाळी सुजते, दांडी मात्र तेवढीच लांब, मग पकड मांसात रुतते आणि वर कातडी येते. तारेच्या बाळीत हे होत नाही. आम्ही 22 कॅरेटची तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून बारीक करतो आणि नंतर तापवत नाही, कारण तापवली की ती नरम पडते आणि टोचताना वाकते. मग टोक कानशीने घासायचं, तार उकळायची, हात साबणाने धुवायचे. तीच तार सुई आणि तीच तार दागिना. ज्याची तार त्याच्याच कानात जाते, पुढे सैल वाकवली की सूज यायला जागा राहते आणि जखमेतलं पाणी बाहेर वाहतं. चिमट्याचा मुद्दा इथेच मिटला. तोही तारेसोबत उकळायचा, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

विज्ञान म्हणालात म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचाच आहे. बाळाच्या सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, डाव्या हाताने कान ओढून उन्हासमोर धरायचा, उजेड आरपार दिसतो तिथे सरळ टोचायचं. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. रक्त जास्त आलं आणि फार दुखलं तर जागा चुकली असं समजायचं. मग कापसाची वात, आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात. आज उन्हाऐवजी मी पाळीमागे मोबाईलचा टॉर्च धरतो, शिरा लाल रेघांसारख्या दिसतात, त्या टाळून पेनाने ठिपका देतो. ठिपका खालच्या कडेपासून निदान पाच मिलिमीटर वर हवा, नाहीतर पुढे जड झुमक्याने पाळी फाटते.

बुगडीचं म्हणाल तर ती हाताने, बारीक तारेने, एका वेळी एकच टोचली जायची. वरचा कान भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, घाम आणि धूळ जखमेत बसते. म्हणून मी दिवाळीनंतर या म्हणतो. यात जुनं-नवं काही नाही. उलट दाबाची नथ ही नवी सोय मला मनापासून आवडते. लोहचुंबकाचे टॉप्स मात्र लहान मुलांच्या घरात नकोच. दोन तुकडे गिळले गेले तर आतड्याच्या दोन पदरांना एकमेकांकडे ओढून भोक पाडतात.



राहिली तुमची बहीण. वरच्या कानाला आठ दिवस म्हणजे काहीच नाही. दिवसातून दोनदा सलाईनने पुसा, हळद-तेल लावू नका, टॉप फिरवत बसू नका आणि महिनाभर विहिरीत-नदीत पोहू देऊ नका. वरचा कान लाल, गरम आणि सुजलेला दिसला, पण खालची पाळी जशीच्या तशी असली, तर ती कूर्चेची लागण समजा. टॉप घरी काढू नका, भोक मिटून पू आत कोंडतो. त्याच दिवशी तालुक्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.