सही वाचली म्हणजे तलवार कळली?

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये जपानी तलवारींबद्दल एक 'सोपी युक्ती' सतत फिरत असते. ती थोडक्यात अशी: मुठीतली बांबूची खिळी ठोकून काढा, पातं मोकळं करा, मुठीत दडलेल्या भागावरचा गंज घासा आणि खाली दिसणारी अक्षरं मोबाईलच्या भाषांतर अ‍ॅपसमोर धरा. नाव आलं की कारागीर मिळाला, प्रांत आला की मूळ मिळालं. अक्षरं नसतील किंवा मूठ लष्करी असेल, तर माल कारखान्यातला. आणि सोबत जपानी सरकारचा नोंदणीचा कागद असेल तर मग बघायलाच नको.

यात खरं एवढंच, की खिळी असते, बहुतेकदा बांबूचीच असते आणि ती काढल्यावर मूठ निघते. मुठीतल्या त्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात आणि कारागिराची सही तिथेच कोरलेली असते. इथून पुढचा प्रत्येक मुद्दा तपासून घ्यावा लागतो.

पहिला दावा, नाव म्हणजे कारागीर. जपानमध्ये खोट्या सहीचा धंदा खुद्द तलवारींच्या काळापासूनचा आहे. तोकुगावा राजवटीत (सतरावं ते एकोणिसावं शतक) नामांकित लोहाराची तलवार ही सरदारांमधली सर्वांत मोलाची भेट असे, त्यामुळे साध्या पात्यावर मोठं नाव कोरणारे निघणारच. सतराव्या शतकात एदोला, म्हणजे आजच्या तोक्योत, कोतेत्सू नावाचा लोहार होता. आधी चिलखतं घडवायचा, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावाची इतकी खोटी पाती निघाली की आजही 'कोतेत्सू' वाचलं की जाणकार आधी संशयच घेतात. उलटंही घडलंय. मुरामासा या लोहाराची पाती तोकुगावा घराण्याला अपशकुनी असतात असा बोलबाला झाला, तेव्हा लोकांनी खऱ्या सह्या कानशीने उडवल्या किंवा बदलल्या.

बरं, सही खरी असली तरी माणूस एकच असतो असं नाही. बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावात सुकेसादा हे नाव लावणारे लोहार डझनांनी होऊन गेले. पंधराव्या-सोळाव्या शतकात सतत लढाया चालू असताना या गावातून ढिगाने पाती निघत होती. इथे सही कशी आहे ते बारकाईने पाहावं लागतं. 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढंच असेल तर बहुधा ते फौजेसाठी घाऊक बनवलेलं पातं. 'बिझेन प्रांतनिवासी ओसाफुने योसोझाएमोन नो जो सुकेसादा' अशी लोहाराच्या व्यक्तिगत नावासकट लांबलचक सही असेल तर ते कुणीतरी मागणी देऊन करवून घेतलेलं काम, बशर्ते सही खरी असेल. अ‍ॅप दोन्हींचा अर्थ 'सुकेसादा'च सांगणार! शिवाय गुरूच्या संमतीने शिष्याने गुरूचं नाव कोरण्याची रीतही होती. त्याला खोटेपणा म्हणत नाहीत.

हे आपल्याकडच्या मंडळींना नवं वाटू नये. मराठ्यांच्या फिरंगांवर 'आंद्रेया फेरारा' हे इटालियन नाव किती वेळा दिसतं! त्यातली सगळी पाती त्या एका माणसाच्या भट्टीतून आली असं कुणी जाणकार मानत नाही.

खोटी सही पकडायची तर अक्षरांचा अर्थ नाही, छिन्नीचे घाव बघावे लागतात. प्रत्येक लोहाराची छिन्नी धरण्याची, घाव सुरू करण्याची आणि संपवण्याची ढब असते. ती खात्रीच्या सह्यांच्या ठशांशी ताडून बघतात. मग गंज. जुन्या सहीत अक्षराच्या खाचेच्या तळालाही आजूबाजूसारखाच काळसर, गुळगुळीत थर असतो. नंतर कोरलेल्या अक्षराच्या कडेला तो थर तुटलेला दिसतो, खाचेतला रंग वेगळा असतो. कानशीचे ओरखडेसुद्धा बोलतात. कुठल्या घराण्यात ते आडवे, कुठे तिरपे, तर मिनो प्रांताकडे ससाण्याच्या पिसासारखे दोन्ही बाजूंनी उतरते दिसतात. सही एका घराण्याची आणि ओरखडे दुसऱ्याचे, असं दिसलं की शंका पक्की.

प्रांताच्या नावावरून मूळ ठरवण्याचा दावा तर त्याहून घसरडा. 'इझुमी नो कामी कानेसादा' ही सही घ्या. इझुमी म्हणजे ओसाकाजवळचा प्रांत, म्हणून तलवार तिथली, असं युक्तीवाला सांगेल. प्रत्यक्षात 'इझुमी नो कामी' हा मानाचा किताब. कानेसादा मिनो प्रांतातल्या सेकीचा. तसाच 'ओमी दाइजो तादाहिरो'. ओमी क्योतोच्या शेजारी, पण हा माणूस दूर पश्चिमेला हिझेनमध्ये काम करायचा. तारखेचंही तेच. 'दुसऱ्या महिन्यातला एक दिवस' किंवा 'आठव्या महिन्यातला एक दिवस' असं इतक्या पात्यांवर लिहिलेलं असतं की त्यावरून महिना नक्की करू नये. ती लिहिण्याची पद्धत होती.

'सही नाही म्हणजे कारखान्यातली' या दाव्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. चौदाव्या शतकात अवाढव्य लांबीची पाती होती. पुढे लढण्याची पद्धत बदलली तेव्हा मालकांनी ती आखूड करून घेतली. आखूड करायची ती टोकाकडून नाही, मुठीकडून. त्यात नाकागो कापला गेला आणि सहीही गेली. एका पात्याला खिळीची दोन-तीन भोकं दिसतात ती बरेचदा याच कारणाने. कुणी सहीचा तुकडा दुमडून मागच्या बाजूला बसवून जपलाही, पण असं क्वचित. सागामी प्रांतातला मासामुने तर जपानमधला सर्वांत प्रसिद्ध लोहार, आणि त्याच्या सहीची पाती बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. बाकीची त्याच्या नावे लागली ती पोलाद वाचून. होनअमी घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करायचं आणि आपला निर्णय कधी नाकागोवर सोन्याच्या अक्षरांत जडवायचं. 1719 मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, योशिमुनेच्या हुकमावरून त्यांनी नामांकित तलवारींची यादीही केली.

याउलट कारखान्याच्या मालावर सही सर्रास सापडते. दुसऱ्या महायुद्धात सेकीत तेलात बुडवून पाणी दिलेली हजारो पाती निघाली. त्यांतल्या कित्येकांवर हाताने कोरलेली नावं आहेत, कारण सह्या कोरून देणारे कारागीर वेगळे होते. जवळ 'शोवा' किंवा 'सेकी' असा छोटा शिक्का दिसला तर युद्धकाळातलं काम समजावं. ताऱ्याचा शिक्का मात्र सैन्याने नेमलेल्या, पारंपरिक पोलाद वापरणाऱ्या लोहारांचा.

मग सहीवाचून ओळखतात कसं? जपानमध्ये याचा चक्क खेळ आहे. नाकागो झाकून पातं हातात देतात आणि लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहायला सांगतात. परीक्षक 'आतारी' म्हणाला तर नाव अचूक, 'दोझेन' म्हणाला तर त्याच घराण्यातलं अगदी जवळचं, 'इया' म्हणजे चूक. आधी आकार बघतात: बाक मुठीजवळ खोल आणि टोक लहान असेल तर पातं जुनं, बहुधा कामाकुरा काळातलं (बारावं ते चौदावं शतक) किंवा त्याआधीचं. जवळजवळ सरळ, टोकाकडे निमुळतं असेल तर 1660-70 च्या सुमाराचं. मग पोलादाची वीण. लाकडाच्या रेषांसारखी सरळ असेल तर यामातो प्रांताची आठवण होते. पाठीकडच्या बाजूला धुरकट सावली दिसली तर बिझेन. शेवटी हामोन, म्हणजे धारेला पाणी दिल्यावर उमटलेली पांढुरकी रेघ. सेकीच्या मागोरोकू कानेमोतोची रेघ तीन-तीन सुरूंच्या शेंड्यांसारखी उठते. हे सगळं दिव्याखाली, पातं तिरपं फिरवत बघायचं असतं. काळ, प्रांत, घराणं इतकं ठरल्यावर नाकागो उघडतात, आणि सही या निष्कर्षाशी जुळते का ते तपासतात.

लष्करी मुठीबद्दल थोडक्यात. 1935 च्या नमुन्याची हवालदारांची तलवार खरोखर यंत्रावरची. तिच्या पात्यावर क्रमांक ठोकलेला असतो आणि मुठीवर दोरीची वीण वाटते ती बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमवर रंगवलेली. पण अधिकाऱ्यांनी घराण्यातली जुनी पाती लष्करी मुठीत बसवून युद्धावर नेली होती. कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाची कुनिमुने तलवार ही जपानची राष्ट्रीय ठेव. युद्धानंतर ती गायब झाली आणि अमेरिकेत निघाली. डॉ. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाने ती ओळखली आणि 1963 मध्ये मोबदला न घेता परत केली. ब्रह्मदेश-मलायात 1945 साली जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, त्या आघाडीवर मराठी जवानही होते. अशी तलवार घरी असेल आणि तिला लाकडी पट्टी बांधलेली असेल तर ती काढू नका. पट्टीवरचं नाव मात्र शरण आलेल्या मालकाचं असतं, लोहाराचं नाही.

नोंदणीचा कागद तर तलवार बाळगायला कायदेशीर परवानगी आहे एवढंच सांगतो. त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या आणि सही जशी दिसते तशी उतरवलेली असते. खोटी सही असली तरी तीच उतरवतात. मत हवं असेल तर 1948 मध्ये स्थापन झालेल्या जपानी तलवार जतन संस्थेसारख्यांकडे परीक्षेला पाठवावं लागतं. तिथेही संस्थेने 1982 पूर्वी दिलेल्या हिरव्या प्रमाणपत्रांवर जाणकार डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत.

आणि गंज घासणं? वर सांगितलेल्या प्रत्येक तपासणीत नाकागोचा गंज लागतो. त्याचा रंग, थर, खाचेतली जाडी. लिंबू-चिंच किंवा सँडपेपर लावला की सही स्वच्छ दिसते आणि तिचा खरेखोटेपणा ठरवायचं साधन जातं. पात्यावर नवं पॉलिश करता येतं, नाकागोचा गंज परत आणता येत नाही. तेव्हा पातं काढलंच तर नाकागो पुसूही नका. दोन्ही बाजूंचे, सरळ वरून, फ्लॅशशिवाय फोटो घ्या. पूर्ण उघड्या पात्याचा एक, टोकाचा एक. खिळी सहज निघत नसेल तर हातोडी बाजूला ठेवा आणि तलवार आहे तशीच जाणकाराला दाखवा.