लेझरचा ठिपका म्हणजे गोळीची जागा नव्हे

लेझर काडतूस म्हणजे खऱ्या गोळीऐवजी पिस्तुलात घालायचं, ट्रिगर दाबला की लेझरचा ठिपका पाडणारं सरावाचं साधन. ‘लेझर काडतुसाचा ठिपका जिथे पडतो, तिथेच गोळी लागते, चुकला तर साइट्स (नेम धरायच्या खुणा) फिरवा,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. साइट्सना हात लावू नका.

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, जरासं तिरकं बसतंच. १ अंशाचा फरक ५ मीटरवर जवळपास ९ सेंटिमीटर होतो. काडतूस अर्धं फिरवून त्याच नेमाने पुन्हा ट्रिगर दाबा. ठिपका सरकला तर दोष काडतुसाचा. शिवाय नळी साइट्सच्या खाली असते, म्हणून जवळच्या अंतरावर ठिपका थोडा खाली पडणारच.

पाहायचं ते ठिपक्याचा आकार. गोल ठिपका म्हणजे हात स्थिर. छोटी रेघ उमटली तर ट्रिगर दाबताना नळी हलली. रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा धक्का, मात्र यात नाही, तेवढ्यापुरता हा सराव अपुराच.

‘काडतूस आत आहे, म्हणजे पिस्तूल सुरक्षित’ हेही खोटं. मागे कडा असलेलं काडतूस स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढताच बाहेर उडतं आणि मॅगझिन भरलेलं असेल तर खरी गोळी आत जाते. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. नेम भक्कम भिंतीवरच.