हुंकारावर जाऊ नका

बाळाच्या ऐकण्याबद्दलच्या एका लेखात ‘बाळ हुंकार देतंय, म्हणजे त्याला ऐकू येतंय’ असं म्हटलंय. हे पटलं नाही. जन्मतः बहिरं लेकरूसुद्धा पहिले काही महिने रडतं, हसतं, हुंकार देतं. फरक खरा पडतो तो ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरं जोडण्यात. ओलर आणि आयलर्स या संशोधकांनी १९८८ मध्ये हेच दाखवलं: त्यांनी पाहिलेल्या ऐकणाऱ्या बाळांत ही बडबड ६ ते १० महिन्यांत सुरू झाली, बहिऱ्या बाळांत ११ ते २५ महिन्यांत.

आमच्या परभणीकडं या काळात घरोघरी एकच ऐकायला मिळतं, ‘त्याचा बाप बी उशिराच बोलला, बोलंल की!’ वरून आजी पाठीमागं उभी राहून स्टीलचं ताट वाजवते. लेकरू वळलं की सगळे खूश. पण त्याला सावली दिसली असेल, बाजेला धक्का लागला असेल, हे कोण बघतंय? शिवाय ताटाच्या दणक्याला वळणाऱ्या लेकराला साधं बोलणं ऐकू येतंच असं नाही.

बाळ झोपलेलं असताना कानात छोटीशी नळी घालून करायची ओएई तपासणी (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, ते बघणारी) काही मिनिटांची असते, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करतात. दहा महिने उलटूनही अशी बडबड नसेल तर जावळाची वाट बघत बसू नका, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ऐकण्याचं मशीन लवकर लागलं तर भाषेला फायदा होतो. खुणांची भाषाही घरात सुरू करा, त्यानं बोलणं मागं पडतं ही भीती उगाच आहे.