‘म्हणलं’ की ‘म्हटलं’?

कोणी ‘मी म्हणलं’ असं लिहिलं की खाली शुद्धलेखनवाले हमखास उगवतात. ‘म्हणलं नाही, म्हटलं!’ मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. गंमत म्हणजे या मंडळींच्या स्वतःच्या पोस्टी ‘केलं’, ‘गेलं’, ‘झालं’ने भरलेल्या असतात. शासनाने १९६२ साली मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम काढून बघा. ही रूपं पात्राच्या तोंडी असतील तरच अशी लिहायची, एरवी ‘केले’, ‘गेले’. म्हणजे नियमच लावायचा तर सगळे एकाच माळेचे मणी. (ही पोस्टसुद्धा.)

‘अशुद्ध’ म्हणताना आपण बहुतेक वेळा भाषा तपासत नसतो, बोलणारा कुठला ते हेरत असतो. ‘म्यां’ हे थेट ज्ञानेश्वरीत सापडणारं रूप, तृतीयेचं. प्रमाण मराठीने ते टाकून तिथे ‘मी’ आणला. ज्यांनी ‘म्या’ जपलं ते मात्र गावंढळ ठरले! जुनं तेच शुद्ध म्हणायचं, तर हसायचं कोणी कोणाला?

वऱ्हाडीतलं ‘तो जेवून राहिला’ घ्या. अर्थ, ‘जेवतो आहे’. ती ‘जेवून राहिली’, ते ‘जेवून राहिले’. लिंग, वचन सगळं चोख. वर्णनात्मक व्याकरण, म्हणजे लोक प्रत्यक्ष कसं बोलतात ते नोंदवणारं व्याकरण, एवढंच दाखवतं की इथेही नियम आहे, आणि कोणी न शिकवता तो पाळला जातो. ‘काहीही चालतं’ असं ते म्हणत नाही. ‘मी भूक लागलो’ हे मराठी नव्हे, हेही तेच सांगतं.

हा वाद आपल्याकडे फार जुना. संस्कृतचे प्राचीन व्याकरणकार पतंजली आपल्या महाभाष्यात म्हणतात, घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो. शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. आणि हेच पतंजली गायीसाठी ‘गौः’ हा शब्द साधू, म्हणजे शुद्ध, मानून ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ यांना अपभ्रंश ठरवतात. अर्थ दोन्हींनी सारखाच कळतो, हेही त्यांना मान्य आहे. साधू शब्दाने पुण्य लागतं, एवढाच फरक. आपल्या प्रमाणभाषेचा प्रश्नही शेवटी पुण्याचाच, दोन्ही अर्थांनी.

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. पाठ्यपुस्तकं, शासननिर्णय, छपाई यांना ठरलेलं एक रूप लागतंच. पण तो करार आहे. ‘नांव’, ‘कांहीं’ ही एकेकाळची शुद्ध रूपं. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढायचं ठरलं आणि ती चूक झाली. बोलणाऱ्यांच्या तोंडात मात्र काहीच बदललं नव्हतं.

‘सगळ्या बोली समान’ असं सोवळ्या प्रमाण मराठीत लिहिणारे अभ्यासकही मला तितकेच खटकतात. प्रमाणभाषा त्यांना आयती मिळालेली असते. ज्या मुलाला ती मिळालेली नाही, त्याला ती नीट शिकवावीच लागेल. फक्त वहीत ‘करून राहिला’ दिसलं तर लाल फुली मारू नये. शेजारी ‘करतो आहे’ लिहावं आणि सांगावं, पेपरात हे लिही, घरी तुझं ते बोल.