बेटांना दिलेल्या मदतीमुळे मराठवाडा कोरडा राहिलेला नाही

गेले काही उन्हाळे मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचा आशय असा: भारत सरकार मालदीव, मॉरिशस, फिजी, तुवालू अशा टीचभर देशांना हजारो कोटी रुपये फुकट वाटते आणि त्यापायी बीड-लातूरच्या माणसाला टँकरची वाट पाहावी लागते, हे देश पर्यटनावर गब्बर झाले आहेत, त्यांची बेटे बुडत असल्याची ओरड खोटी असून उलट ती वाढत आहेत, हे देश जगाकडून फक्त घेतात, आणि त्यांचे काहीही झाले तरी आपल्याला त्याचे काय. टंचाईच्या दिवसांत हा मजकूर पुढे पाठवणाऱ्याचा संताप खरा असतो. म्हणूनच तो संताप ज्या विधानांवर उभा केला आहे, ती विधाने एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

पहिले विधान पैशांचे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा एकूण आकार सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये होता. त्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या वाट्याला सुमारे २० हजार ५०० कोटी आले आणि त्यातून सर्व देशांच्या मदतीसाठी मिळून सुमारे ५ हजार ४८० कोटी ठेवले गेले. यातला सर्वांत मोठा हिस्सा, २ हजार १५० कोटींचा, भूतानचा होता; मालदीवसाठी ६०० कोटी आणि मॉरिशससाठी ५०० कोटींची तरतूद होती. म्हणजे केंद्राने खर्चायच्या दर १०० रुपयांमागे सगळ्या देशांची मदत मिळून ११ पैशांच्या आसपास जाते आणि या दोन बेटदेशांची मिळून साधारण २ पैसे.

मग ‘हजारो कोटी’ हा आकडा येतो कुठून? तो बहुतेक वेळा कर्जाचा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मालदीवच्या २८ बेटांवरची पाणीपुरवठा आणि सांडपाणी योजना सुरू झाली, ती सुमारे ११ कोटी डॉलरच्या भारतीय कर्जातून. जुलै २०२५ मध्ये मालदीवसाठी जाहीर झालेले ४ हजार ८५० कोटी रुपयेही कर्जच आहे. अशी कर्जे सरकारी मालकीच्या एक्झिम बँकेमार्फत दिली जातात, ती फेडायची असतात आणि त्यांतून होणाऱ्या कामांचा मोठा भाग भारतीय कंपन्यांकडून घेण्याची अट सर्वसाधारणपणे त्यांना जोडलेली असते. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साथीने उभारलेला भारताचा विकास भागीदारी निधी मात्र खरोखर अनुदानाचा आहे. त्याचा पहिला प्रकल्प प्रशांत महासागरातल्या सात बेटदेशांना हवामानाच्या संकटाची पूर्वसूचना मिळावी यासाठी होता. या निधीसाठी भारताने कबूल केलेली रक्कम १५ कोटी डॉलर आहे. ती एका वर्षाची नाही, आणि ती अनेक खंडांतल्या अनेक देशांत विभागली जाते.

याच विधानाचा दुसरा अर्धा भाग अधिक घातक आहे, कारण तो मराठवाड्याच्या तहानेचे कारण भलतीकडे दाखवतो. जायकवाडीत पाणी किती येईल हे नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांमधून किती सोडले जाते यावर ठरते. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल आहे, २०१४ चा राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आहे. तरीही टंचाईच्या वर्षी पाणी सोडण्याचा प्रश्न आला की वाद न्यायालयाच्या दारात जातो. उसाखालचे क्षेत्र, खोल खोल जाणारे बोअर आणि प्रदेशाच्या वाट्याच्या निधीवर लक्ष ठेवणारे, ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपलेले मराठवाडा विकास मंडळ, ही आपल्या हिशेबाची खरी पाने आहेत. तुवालूची मदत उद्या थांबली तरी त्यामुळे पैठणच्या धरणात थेंबभरही पाणी वाढणार नाही.

‘आधी घरचे, मग दारचे’ हा या मजकुराचा गाभा आहे. तो ऐकायला रास्त वाटतो, पण लातूरकरांनी तो मान्य करण्यापूर्वी २०१६ चा एप्रिल आठवावा. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन जलदूत रेल्वे लातूरला आली होती. ज्या सांगली जिल्ह्यातून ते पाणी आले, त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीसारखे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुष्काळी तालुके आहेत. ‘आधी आमच्या जतला’ असे म्हणून ती गाडी अडवली गेली असती, तर आपण त्याला न्याय म्हटले असते का? याच्या सव्वा वर्ष आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, मालदीवची राजधानी माले येथे खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे पिण्याचे पाणी एका दिवसात तुटले. तिथे ना नदी आहे ना धरण. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी तिथे पाणी पोहोचवले. मालेला पाठवलेले पाणी आणि लातूरला आलेले पाणी यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

शिवाय मराठवाड्याने बाहेरून कधी काही घेतलेच नाही, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी पुनर्वसित गावे उभी राहिली, त्यांमागे जागतिक बँकेचे सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज होते आणि अनेक देशांतून आलेली मदत होती. वेरूळ-अजिंठ्याच्या जतनाला आणि तिथल्या रस्ते-पाणी-पर्यटनाच्या कामांना जपानने सवलतीचे कर्ज दिले. आज शेडनेट, ठिबक, शेततळे आणि रेशीम यांसाठी ज्या ‘पोकरा’चे नाव गावोगाव घेतले जाते, त्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते आणि त्यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. जपानच्या किंवा युरोपातल्या करदात्याने तेव्हा ‘लातूरचे आम्हाला काय’ असे विचारले असते, तर ते आपल्याला बोचले असते.

‘हे देश श्रीमंत आहेत’ हे विधान मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याला आकड्यांचा आधार आहे आणि तरीही ते दिशाभूल करते. मालदीव, अँटिग्वा आणि बार्बुडा किंवा सेशेल्स यांचे दरडोई उत्पन्न भारतापेक्षा बरेच जास्त आहे, हे खरे. पण दरडोई उत्पन्न ही सरासरी आहे, आणि सरासरी काय लपवते हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याइतके कोणाला कळणार? सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाल्याची नोंद होते, आणि मधल्या महिनाभराच्या खंडात सोयाबीन करपून गेलेले असते किंवा काढणीच्या आठवड्यात ते पाण्याखाली गेलेले असते. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका या बेटदेशावर मारिया चक्रीवादळ आले आणि एका रात्रीत झालेले नुकसान त्या देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के भरले. त्याच महिन्यात अर्मा वादळाने बार्बुडा बेटाची अशी दैना केली की तिथल्या प्रत्येक रहिवाशाला बेट सोडावे लागले. भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली, तेव्हा मदत अपुरी म्हणा, उशिरा म्हणा, पण ती देण्यासाठी न बुडालेला उरलेला महाराष्ट्र आणि उरलेला देश शिल्लक होता. डॉमिनिकाची लोकसंख्या सुमारे ७० हजार. तिथे वादळ आले की मदत देणारा ‘उरलेला देश’च उरत नाही. देशांमधले सहकार्य ती जागा भरून काढते.

आणि याच सरासरीमुळे यांतल्या अनेक देशांना सवलतीचे कर्ज नाकारले जाते. उत्पन्नाच्या यादीत वर सरकले की स्वस्त कर्जाची खिडकी बंद होते. मग वादळानंतरची उभारणी बाजारभावाच्या व्याजाने करावी लागते आणि एका वादळाचे कर्ज फिटण्याआधी दुसरे वादळ येते. यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उत्पन्नाबरोबरच आघात सोसण्याची क्षमता मोजणारा बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक पुढे नेण्याचा ठराव केला. तो अजून कर्ज देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक नाही, आणि माझ्या मते आजची खरी लढाई इथेच आहे.

बेटे बुडत नसून वाढत आहेत, या विधानामागे एक खरा अभ्यास आहे. १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रे तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले की तुवालूच्या बेटांचे एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढले. लाटा प्रवाळाची वाळू वाहून आणतात आणि किनाऱ्यावर टाकतात, त्यामुळे काही बेटे वाढली आणि काही घटली. ‘बुडणारी बेटे’ ही वर्तमानपत्री प्रतिमा त्यामुळे फारच ढोबळ ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. पण समुद्राची पातळी वाढत नाही असे तो अभ्यास कुठेही म्हणत नाही. आणि जमीन शिल्लक असणे म्हणजे राहता येणे नव्हे. प्रवाळबेटावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात साठते. उधाणाचे पाणी जमिनीवर चढले, पाऊस लांबला किंवा उपसा वाढला की तो थर खारा होतो आणि विहीर, नारळ व कंदांची शेती एकदमच संकटात येतात. २०११ मध्ये पाऊस न झाल्याने तुवालूला आणीबाणी जाहीर करावी लागली. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या त्या देशात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने खारे पाणी गोडे करणारी यंत्रे पोहोचवली. भूगोलाच्या नकाशावर गाव जागच्या जागी असते आणि गावात पाणी नसते, ही गोष्ट आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

हे देश फक्त घेतात, हे विधान इतिहासाला धरून नाही. छोट्या बेटदेशांनी १९९० मध्ये आपली आघाडी बांधली. पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवण्याचा प्रयत्न नोंदवला गेला तो प्रामुख्याने त्यांच्या चिकाटीमुळे, आणि जगाच्या हरितगृह वायूंमध्ये त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासही मुश्किलीने जातो. प्रशांत महासागरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये मांडलेली, हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची कल्पना वानुआतू या बेटदेशाने उचलली, मार्च २०२३ मध्ये आमसभेत ती एकमताने नेली, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण करणे ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी असल्याचे मत दिले. सेशेल्सने २०१८ मध्ये समुद्रसंवर्धनासाठी जगातले पहिले सार्वभौम निळे रोखे, म्हणजे सरकारी कर्जरोखे, काढले. कोणत्याही दुष्काळी प्रदेशाला उद्या नुकसानभरपाई मागायची झाली, तर या छोट्या देशांनी तयार केलेली वाट त्याच्या उपयोगाची आहे.

‘आपल्याला त्याचे काय’ याचे उत्तर आपल्या पावसातच आहे. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणे, ज्याने आपला मॉन्सून अनेकदा कमी होतो. तो मोजण्यासाठी शास्त्रज्ञ मध्य प्रशांत महासागराच्या ज्या पट्ट्यातले पाणी पाहतात, त्यात किरिबाती या देशाचे किरितिमाती बेट येते. २०१५-१६ च्या एल निनोत त्या बेटाभोवतीचे बहुतांश प्रवाळ मेले. त्याच एल निनोच्या वर्षी मराठवाड्यात सलग दुसऱ्यांदा पाऊस हुकला आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची रेल्वे आली. प्रत्येक एल निनो आपल्याकडे दुष्काळ आणतोच असे नाही. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र असूनही देशातला पाऊस सरासरीइतका झाला. हा फरक आधी कळावा म्हणूनच दूरच्या समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या मापकयंत्रांच्या आणि बेटांवरच्या केंद्रांच्या नोंदी लागतात. १९८२-८३ चा एल निनो वेळेत ओळखता आला नाही, त्यानंतर प्रशांत महासागरातली मापकांची साखळी उभी राहिली, ती अनेक देशांच्या सहकार्यातून. जून महिन्यात पेरणी करावी की थांबावे, हे ठरवताना ज्या अंदाजाकडे आपण पाहतो, त्यात त्या नोंदी असतात.

मालदीवमध्ये भारतविरोधी घोषणा झाल्या, मग मदत कशाला, असा एक मुद्दा अलीकडे या मजकुरात जोडला जातो. सरकारे बदलतात, धोरणे बदलतात. नळाचे पाणी घोषणा देणाऱ्यालाही लागते आणि न देणाऱ्यालाही. यापेक्षा त्या मुद्द्याला अधिक उत्तराची गरज नाही.

मात्र या मजकुरात एक योग्य प्रश्न दबून राहिला आहे, आणि तो म्हणजे दिलेल्या पैशाचे पुढे काय होते. मे २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी येथे भारताने प्रशांत महासागरातल्या १४ बेटदेशांसाठी डायलिसिस युनिट, समुद्री रुग्णवाहिका आणि पाणी गोडे करणारी यंत्रे जाहीर केली. यंत्र बसवल्यावर त्याचे गाळणीपटल कोण बदलणार, वीज कोण भरणार, तिथल्या तरुणांना दुरुस्ती कोण शिकवणार, याची उत्तरे सार्वजनिक असली पाहिजेत. वीजबिल थकल्याने बंद पडलेली नळयोजना मराठवाड्यात पुष्कळांनी पाहिलेली आहे. मराठवाड्यातून लोकसभेवर आठ खासदार जातात. पोर्ट मोर्स्बीत जाहीर झालेल्यांपैकी किती यंत्रे बसली आणि किती चालू आहेत, हे त्यांनी परराष्ट्र मंत्रालयाला विचारावे, आणि राज्यघटनेच्या कलम ३७१ खालचे मराठवाडा विकास मंडळ पुन्हा केव्हा स्थापन होणार, हा प्रश्न त्याच अधिवेशनात गृह मंत्रालयाला विचारावा.