ओझर, निफाड, प्रेस आणि एक अंतराळयान

प्लास्टिकचं मॉडेल जोडणं हा दार लावून, एकट्याने, शांतपणे करायचा छंद आहे, असं किटच्या खोक्यावरचं चित्र बघून वाटतं. खोकं छापणाऱ्याने नाशिक पाहिलेलं नसतं. इथे तुम्ही काहीही जोडायला, रंगवायला किंवा चिकटवायला बसा, तेच काम करण्यात हयात घालवलेला माणूस तुमच्याच जिन्यात राहत असतो. आणि तो घरीच असतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका लागायची. इंग्रजी डोक्यावरून जायचं, पण त्यातलं एन्टरप्राइज यान बरोबर डोक्यात बसलं. पुढे भलीमोठी थाळी, तिच्या मानेखाली नळकांडं आणि मागे वर उचललेली दोन लांबट इंजिनं. पन्नाशीच्या आसपास माणसं पैठणला, पंढरपूरला जाऊन येतात. मी हे यान घरी आणलं. कथेत ते 289 मीटर लांबीचं आहे. किट 1:1000 मापाचं, म्हणजे जोडून झाल्यावर जेमतेम 29 सेंटिमीटर.

“एवढंच होणार?” बायको म्हणाली. “मग अख्खी गॅलरी कशाला अडवलीत?”

पहिले आले खालच्या मजल्यावरचे काका. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिगपासून सुखोईपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी सूचनापत्रक मागितलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, “टॉर्क किती द्यायचा ते कुठं लिहिलंय?”

“काका, यात नटबोल्ट नाहीत. चिकटवायचं असतं.”

काकांचा चेहरा पडला. मी घाईघाईने सांगितलं, की हा साधा डिंक नव्हे. हे मॉडेलसाठीचं सिमेंट प्लास्टिकचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकमेकांत मुरून एकजीव होतात.

“म्हणजे वेल्डिंगच की! मग जोड पक्का होईपर्यंत धरून ठेवणारं फिक्श्चर कुठंय तुझं?”

इथे काकांना मानलं पाहिजे. या यानाची इंजिनं दोन बारीक पट्ट्यांवर उभी असतात. सांधा वाळेपर्यंत ती हळूहळू कलंडतात, आणि एक जरी कललं तरी यान पाय मुरगळल्यासारखं दिसतं. जुन्या किटांची तर त्यासाठी ख्यातीच होती. काकांनी स्वयंपाकघरातून मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि माझ्या मुलीचा कंपास बॉक्स जप्त करून फिक्श्चर उभं केलं. रात्रभर यान जिरे-मोहरीच्या आधाराने उभं राहिलं. सकाळची फोडणी काकांच्या परवानगीविना होऊ शकली नाही.

इंजिनं बाकीच्या यानापासून इतकी दूर का, हाही प्रश्न आलाच. आराखडा करणाऱ्या मॅट जेफरीज यांचा विचार असा, की इतकी ताकदवान इंजिनं माणसांपासून दूरच असलेली बरी.

“शहाणा माणूस,” काका म्हणाले. “पण वजन सगळं मागं गेलं.”

“अंतराळात वजन कुठं असतं, काका?”

“तुझं यान टीव्हीच्या टेबलावर राहणार आहे. तिथं असतं.”

रंगाच्या दिवशी निफाडहून मावसभाऊ आला. द्राक्षबागवाला. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं. “आज फवारू नको. हवेत ओल आहे.” मी फवारलं. पावसाळी दमट हवेत लॅकर जातीच्या रंगावर पांढुरकी झाक चढते, तशी थाळीभर चढली. तो जवळ जाऊन निरखत म्हणाला, “भुरी आलीय रे!” आणि द्राक्षांवरच्या या रोगाला मारायच्या गंधकाचं प्रमाण सांगू लागला.

डिकल लावायच्या दिवशी मामा हजर. मामा नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. म्हणजे छापलेल्या कागदाकडे हा माणूस मोजल्याशिवाय बघूच शकत नाही. डिकल म्हणजे पातळ पारदर्शक छाप. कोमट पाण्यात भिजवली की कागदावरून सुटते आणि हलकेच सरकवत जागेवर बसवायची. मामांनी सुरुवातीला सगळ्या मोजल्या, वहीत लिहिल्या. काम चांगलं चाललं होतं. डाव्या इंजिनावरचा ‘एनसीसी-1701’ हा नंबर चिमट्यात धरला आणि मघाशी गेलेली लाइट आली. पंखा फिरला.

“एक कमी भरतेय,” मामा म्हणाले. “हिशोब लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.”

सगळे गुडघ्यांवर. सोफा सरकवला, आईची जपमाळ झटकली, भावाचे खिसे तपासले. शेवटी नंबर सापडला तो काकांच्या कोपरावर, सुरकुती न पडता, अगदी सरळ रेषेत चिकटलेला. माझ्या हातून एकही डिकल इतकी सुबक बसली नव्हती. मामांनी वहीत ‘जमा’ लिहिलं आणि चहा मागितला.

डाव्या इंजिनावरची नंबराची जागा रिकामीच राहिली. मला मात्र एक आधार सापडला. चित्रीकरणासाठी वापरलेलं सुमारे 11 फुटी मूळ मॉडेल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्यातल्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत जायच्या, म्हणून ती बाजू सजवलेलीच नव्हती. कॅमेरा उजवीकडूनच बघायचा. तेव्हा माझं यान अस्सल बरहुकूम आहे, असं मी जाहीर करून डावी बाजू भिंतीकडे केली.

“आमच्याकडं इन्स्पेक्टर विमानाला पूर्ण चक्कर मारायचा,” काका म्हणाले आणि टेबल पुढे ओढलं.

दसऱ्याला आईने गाडीची पूजा झाल्यावर यानालाही झेंडूचं फूल वाहिलं. थाळी सपाट असल्यामुळे ते छान बसलं. मग डावीकडच्या रिकाम्या जागेवर बोटभर हळद आणि वर ठसठशीत कुंकू. काकांनी वाकून, चष्मा वर करून पाहिलं.

“आता पास,” ते म्हणाले. “शिक्का बसला.”